खुबा दुखतो तेव्हा



दुखण्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. ठणका, कळ, चमक, उसण, सणक, रग, अवघडणं, भरून येणं. रुग्ण यातला एखादा शब्द नेमका वापरतो तेव्हा आमचं अर्धं काम झालेलं असतं, कारण ठणका वेगळा आणि चमक वेगळी. पण हे सगळं दुखतं कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कंबर." बरगड्यांच्या खालपासून मांडीच्या मध्यापर्यंतचा सगळा मुलूख आपण कंबर या एकाच नावावर चढवून ठेवला आहे. त्यात मणका आला, माकडहाड आलं, कुल्ला आला, जांघ आली आणि ज्याच्याविषयी आज बोलायचं आहे तो खुबाही आला.

मी जुहूला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. "कंबर दुखते" म्हणत येणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं मुळात कमरेचं नसतंच, ते खुब्याचं असतं. त्यातल्या कितीतरी जणांनी आधी कमरेचा पट्टा वापरलेला असतो, कमरेला शेक दिलेला असतो, कमरेचे एक्स-रे काढलेले असतात. पट्ट्याने खुब्याला काय होणार?

म्हणून पहिलं काम पत्ता शोधण्याचं. मांडीचं हाड ज्या ठिकाणी कमरेच्या हाडात बसतं तो खुब्याचा सांधा. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल, आणि ते एका खोल वाटीत बसलेलं. बाजूला हात लावला की जे टणक टेंगूळ लागतं, ते बहुतेकांना खुबा वाटतं. तो सांधा नव्हे. ते मांडीच्या हाडाला बाहेरच्या अंगाला असलेलं उंचवट्याचं टोक आहे. खरा सांधा आत, जांघेच्या घडीच्या मागे खोलवर दडलेला असतो.

रेडिओ ऐकता ऐकता एक गोष्ट करून पाहता येईल. दुखतं तिथे हात ठेवा. हात जांघेत गेला, किंवा अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेत असा चिमट्यासारखा बसला, तर दुखणं सांध्यातलं असण्याची शक्यता जास्त. हात बाहेरच्या टेंगळावर गेला तर ते बहुधा सांध्याबाहेरच्या स्नायूंचं आणि त्यांच्या दोऱ्यांचं. हात मागे कुल्ल्यावर गेला, आणि तिथून पायात खाली मुंग्या उतरत असतील, तर संशय मणक्यावर घ्यावा. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही. खुब्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं, कारण दोघांकडे जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. लहान मुलांत तर हे विशेष लक्षात ठेवावं. सहा-सात वर्षांचं मूल लंगडतं आहे, गुडघा दुखतो म्हणतं आहे आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही, अशा वेळी खुबा तपासलाच पाहिजे. दहा ते पंधरा वयातल्या मुलांतही तसंच. ही मुलं व्यायामासाठी आमच्याकडे नव्हे, आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला हवीत.

आता बाहेरच्या बाजूचं दुखणं. ते मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण ते फार लोकांना आहे आणि त्याचा उपाय बराचसा तुमच्याच हातात आहे. चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग येते. टेंगळावर दाबलं की ओरडायला होतं. जिना चढताना, गाडीतून उतरताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते. पूर्वी याला तिथल्या पाण्याच्या पिशवीची सूज म्हणत, आणि अजूनही पुष्कळ कागदांवर तसंच लिहिलेलं असतं. पण सोनोग्राफी आणि एमआरआय सर्रास होऊ लागल्यावर लक्षात आलं की बहुतेकांत दोष असतो तो कुल्ल्याच्या स्नायूंच्या दोऱ्यांत, म्हणजे टेंडनमध्ये. हे टेंडन त्या टेंगळावर चिकटलेले असतात. मांडी आतल्या बाजूला गेली की ते टेंगळावर दाबले जातात, दोर कप्पीवर घासावा तसे.

मांडी आत कधी जाते? एका पायावर भार टाकून, खुबा बाहेर काढून आपण उभे राहतो तेव्हा. बसच्या रांगेत, ओट्यापाशी, शेजारणीशी दारात बोलताना आपण असंच उभं राहतो. नातवाला कडेवर घेतलं की खुबा बाहेर काढावाच लागतो, त्याशिवाय कडेवर मूल टिकतच नाही. कळशी कमरेवर घेणाऱ्या बायकांचं हेच. पायावर पाय टाकून खुर्चीत बसणं, जमिनीवर दोन्ही पाय एका अंगाला दुमडून बसणं, कुशीवर झोपताना वरचा पाय पुढे टाकून देणं, ही सगळी त्याच जातीची आसनं. यात वाईट काही नाही. शरीर वाटेल तसं वाकायलाच घडलेलं आहे. पण टेंडन दुखावलेला असेल तेव्हा काही आठवडे या सवयींना रजा द्यावी. दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उभं राहावं. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी, घोट्यापर्यंत पोचेल एवढी लांब. नातवाला कडेवर न घेता समोरून छातीशी धरावं, किंवा खाली बसून त्याला मांडीवर घ्यावं.

याचा फायदा किती होतो, हे नीट मोजलं गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०१८मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. या दुखण्याचे २०४ रुग्ण घेऊन त्यांचे तीन गट केले. एका गटाला आठ आठवड्यांत १४ वेळा बोलावून अशा सवयींची माहिती दिली आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम शिकवला. दुसऱ्या गटाला स्टिरॉइडचं एक इंजेक्शन. तिसऱ्याला फक्त धीर आणि थोडा सल्ला. आठ आठवड्यांनी "बराच फरक आहे" असं सांगणारे पहिल्या गटात शंभरात ७७ होते, इंजेक्शनवाल्यांत ५८ आणि तिसऱ्या गटात २९. वर्षानंतर पाहिलं तेव्हा व्यायामवाले साधारण तिथेच टिकून होते, इंजेक्शनवालेही आपल्या ५८वरच होते, आणि नुसती वाट पाहणारेही पन्नाशी पार करून त्यांच्या जवळ येऊन पोचले होते. इंजेक्शन नको असं माझं म्हणणं नाही. रात्र रात्र झोप नसेल तर त्याचा उपयोग होतो. पण आधी सुई आणि मग जमलं तर व्यायाम, हा जो क्रम आपल्याकडे रूढ झाला आहे, तो उलटा असायला हवा.

व्यायाम कोणता? उताणं झोपून, गुडघे वाकवून, पावलं टेकवून कंबर हळूहळू उचलायची आणि तशीच हळूहळू खाली आणायची. खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि धपकन न पडता बसायचं. भिंतीला हात लावून कडेकडेने पावलं टाकायची. हे सोपं वाटतं, आणि सोपं वाटतं म्हणूनच लोक दोन दिवस करून सोडून देतात. टेंडनला भाराची सवय व्हायला महिने लागतात. करताना थोडं दुखलं तर चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. आपल्याकडे डॉक्टर विचारतात ना, रुपयात किती आणे फरक आहे? तोच हिशेब इथे लावा. व्यायाम करताना रुपयात चार-सहा आणे दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नसलं म्हणजे झालं. वाढलं असेल तर व्यायाम बंद करायचा नाही, कमी करायचा.

जुहूत राहणाऱ्यांचा एक खास प्रश्न असतो: चौपाटीवर चालावं की नाही? जुहू हे प्रकृती सुधारायला येण्याचं जुनं ठिकाण. जानेवारी १९२४मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर विश्रांतीला ते जुहूलाच येऊन राहिले होते. १९४४मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावरही. तेव्हापासून आजपर्यंत समुद्राची हवा आणि वाळूतला फेरफटका यांचं नाव चांगलंच आहे. पण वाळू दोन प्रकारची असते. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू पाय गिळते. त्याच वेगाने टणक जमिनीवर चालायला जेवढी शक्ती लागते, तिच्या दुपटीहून जास्त अशा वाळूत लागते, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८मध्ये मोजून दाखवलं. ज्याचा खुबा दुखतो आहे त्याने सुरुवात तिथे करू नये.

दुसरी गोष्ट उताराची. किनारा समुद्राकडे उतरता असतो. जुहूचा समुद्र पश्चिमेला. तुम्ही वर्सोव्याच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे चालत असाल तर डावा पाय समुद्राकडे खाली पडतो आणि उजवा जमिनीकडे वर. वरचा पाय जणू लांब होतो, त्या बाजूचा खुबा बाहेर निघतो, आणि मघाशी सांगितलं तसं त्याच बाजूच्या टेंडनवर दाब येतो. परतताना उलट. म्हणजे जाऊन-येऊन हिशेब सारखा होतो. पण कितीतरी मंडळी एका दिशेने वाळूतून जातात आणि येताना जुहू तारा रोडवरून चहा पिऊन येतात, किंवा सरळ रिक्षा करतात. रोज तीच बाजू, तोच उतार. एक खुबा का दुखतो असं विचारत ती माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी त्यांचा फिरण्याचा रस्ता विचारते. भरतीच्या वेळी वरची उतरती पट्टीच तेवढी मोकळी उरते. ओहोटीला पाणी मागे गेलं की जुहूला ओली, टणक आणि चांगली सपाट वाळू मिळते. तिथे चालायला काहीच हरकत नाही.

आता काठी. या विषयाकडे मला मुद्दाम यायचं होतं, कारण काठीइतकं स्वस्त आणि काठीइतकं चुकीचं वापरलं जाणारं दुसरं साधन आमच्या धंद्यात नाही. उजवा खुबा दुखतो तर काठी कोणत्या हातात धरायची? दहातले सात-आठ जण सांगतील, उजव्या. सिनेमातले म्हातारेही तशीच धरतात. बरोबर उत्तर आहे, डाव्या.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही उजव्या पायावर उभे आहात आणि डावा उचललेला आहे. शरीराचं वजन त्या वेळी उजव्या खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं, आणि कंबर डावीकडे कलंडू पाहते. ती कलंडू नये म्हणून उजव्या कुल्ल्याचे स्नायू बाहेरून खेचून धरतात. पण त्यांच्या वाट्याला आलेली तरफ आखूड, आणि वजनाची तरफ जवळजवळ दुप्पट लांब. मुलांच्या सी-सॉवर टेकूच्या अगदी जवळ बसलेल्या माणसाला दूरच्या टोकाचा माणूस उचलायचा असेल तर त्याने स्वतः दुप्पट वजनाचं असायला हवं. तसं या स्नायूंना वजनाच्या दुप्पट जोर लावावा लागतो, आणि सांध्यावर भार येतो दोघांचा मिळून. बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम खुब्यांत भार मोजणारी साधनं बसवून हे प्रत्यक्ष मोजलं. साधं चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला दीडशे किलोच्या आसपास. जिना उतरताना त्याहूनही थोडा जास्त.

काठी डाव्या हातात असेल तर ती डावीकडे कलंडणारी कंबर खालून सावरते, आणि खुब्यापासून दूर असल्यामुळे तिची तरफ लांबलचक असते. थोडासाच जोर पुरतो. उजव्या स्नायूंचं ओझं हलकं होतं, सांध्याचंही. काठी उजव्याच हातात धरली तर ही सगळी किमया नाहीशी होते आणि माणूस त्या अंगाला झुकत झुकत चालतो. वॉल्टर ब्लाउंट नावाच्या अमेरिकन शल्यविशारदांनी १९५६मध्येच काठी फेकून देऊ नका, अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख लिहिला होता. त्याला आता सत्तर वर्षं होत आली आणि आमचं सांगणं तेच आहे.

याच हिशेबाने भाजीच्या पिशवीचंही ठरतं. ओझं दुखऱ्या बाजूच्या हातात घ्या. चुकून वाटतं की दुखऱ्या बाजूला ओझं कशाला? पण दुसऱ्या हातात घेतलेली पिशवी डावीकडचा कलंड वाढवते आणि उजव्या स्नायूंना आणखी खेचायला लावते. तेव्हा काठी चांगल्या बाजूला, पिशवी दुखऱ्या बाजूला; आणि पिशवी हलकीच. काठीची उंची मनगटाएवढी हवी. चप्पल घालून ताठ उभे राहा, हात मोकळा सोडा, मनगटाच्या घडीशी काठीची मूठ आली पाहिजे. आजोबांची काठी आजींना होत नाही, हे सांगायला नको, पण घरोघरी तेच चालतं. जिन्यावर आधी चढताना चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, आणि काठी नेहमी दुखऱ्या पायाबरोबर.

पुष्कळांना काठी घ्यायला लाज वाटते, विशेषतः पन्नाशी-साठीतल्यांना. एक काका मला म्हणाले होते, लोक काय म्हणतील. मी त्यांना विचारलं, तुम्ही लंगडता तेव्हा लोक काय म्हणतात?

आता जांघेतल्या, म्हणजे प्रत्यक्ष सांध्याच्या दुखण्याकडे येते. इथे मला थोडं कटू बोलावं लागणार आहे, आणि ते माझ्याच व्यवसायाविषयी आहे. सांध्यातली गादी झिजल्याने होणारी संधिवाताची जी दुखणी आहेत, त्यात व्यायामाने मदत होते. ती माफक असते, पण खरी असते, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. मात्र पलंगावर निजवून यंत्रं लावणं, हाताने सांधा हलवणं, या सगळ्या पाहुणचाराचा वेगळा फायदा कितपत, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मेलबर्नला १०२ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०१४मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. अर्ध्या रुग्णांना हाताने केलेले उपचार, घरचे व्यायाम, सल्ला असं सगळं साग्रसंगीत दिलं. उरलेल्यांना बंद असलेलं अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवलं आणि साधं मलम लावलं, पण तेवढाच वेळ दिला आणि तितक्याच आपुलकीने. तीन महिन्यांनी दोन्ही गटांना बरं वाटत होतं, आणि दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता.

आमच्यातल्या काहींना हे वाचून राग आला. मला ते उपयोगाचं वाटलं. आपलं ऐकून घेणारं, नीट तपासणारं कुणीतरी आहे याचा दुखण्यावर परिणाम होतो, हे त्यातून कळतं. आणि दुसरं असं, की महिनोन्महिने रोज येऊन यंत्राखाली पडून राहण्याचे पैसे रुग्णाने का द्यावेत, हा प्रश्न त्याने स्वतः विचारायला हवा. फिजिओथेरपिस्ट तुम्हाला काय शिकवतो, दर वेळी व्यायाम पुढे सरकतो की नाही, आणि तुम्हाला आपली गरज कमी कशी पडेल हे तो पाहतो की नाही, यावर त्याची परीक्षा करा. महापालिकेच्या कूपर रुग्णालयाचा फिजिओथेरपी विभाग आमच्या भागातल्या लोकांना जवळ आहे. तिथे थांबावं लागतं, पण व्यायाम शिकून घेण्यासाठी तेही पुरतं. खासगीतच जायला हवं असं नाही.

मग शस्त्रक्रिया कधी? मुंबईत गुडघेबदलाचं नाव घराघरांत पोचलं ते वाजपेयींमुळे. पंतप्रधान असताना २००० आणि २००१मध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. खुब्याला तसं कुणी भेटलं नाही. वास्तविक आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा आधी आला. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी तो नोव्हेंबर १९६२मध्ये बसवला. गादी फार झिजली असेल, रात्रीची झोप गेली असेल, मोजा घालायला वाकता येत नसेल, तर व्यायामाच्या आशेवर वर्षं काढू नयेत. २०२४मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी आली. पन्नाशीच्या वरचे, खूप झिजलेल्या खुब्याचे १०९ रुग्ण. काहींना सांधा बदलून दिला, काहींना वजनांचा पद्धतशीर व्यायाम. सहा महिन्यांनी ४८ गुणांच्या मोजपट्टीवर सांधा बदललेल्यांची सुधारणा सुमारे १६ गुणांची होती, व्यायामवाल्यांची साडेचारची. हे मी फिजिओथेरपिस्ट असून सांगते आहे. आमचं काम अशा वेळी शस्त्रक्रियेआधी स्नायू तयार ठेवणं आणि नंतर माणसाला लवकर चालतं करणं, एवढं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे बोलणं स्वीकारलं, ते. आपल्या देशात खुब्याचे जे सांधे बदलावे लागतात, त्यात वयाने झिजलेल्यांपेक्षा तरुण माणसांचा भरणा मोठा आहे. कारण वेगळंच. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतलं हाड मरतं, आणि काही महिन्यांत तो गोळा चेपला जातो. डॉक्टर याला ए.व्ही.एन. म्हणतात. स्टिरॉइड औषधं, दारूचं व्यसन, अपघातात खुबा निखळणं, सिकलसेल हा रक्ताचा आजार, ही त्याची मुख्य कारणं. कधी कारण सापडतच नाही. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल आहे, तिथे पंचविशीच्या मुलांचे खुबे असे गेलेले दिसतात. करोनाच्या साथीत स्टिरॉइडने असंख्य जीव वाचवले, त्याबद्दल दुमत नाही. पण २०२१मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनातून उठलेल्या तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. करोनाचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांच्या खुब्यात हे दुखणं दिसलं होतं, आणि तेही या आजाराला सहसा लागतात त्याहून कमी स्टिरॉइड घेतलेलं असताना.

हे लवकर ओळखलं तर गोळा वाचवण्यासाठी औषधं आहेत, छोट्या शस्त्रक्रिया आहेत. गोळा चेपल्यावर मात्र सांधा बदलण्यावाचून फारसं काही हातात राहत नाही, आणि पस्तिशीत बदललेला सांधा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता असते. अडचण अशी, की सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येतो. दोष दिसतो तो एमआरआयमध्ये.

माझ्याकडे अंधेरीहून एक तरुण आला होता. जांघेत कळ, मांडी घालून बसता येत नाही, पाय आत वळवला की ओरडतो. एके ठिकाणी सहा आठवडे त्याच्या कमरेला वजनं लावून ताण दिला होता, दुसरीकडे मालीश झालं होतं. एक्स-रे चांगला आहे, हे वाक्य तो तीन जणांकडून ऐकून आला होता. कुणी त्याला आधीच्या औषधांबद्दल विचारलं नव्हतं. त्वचेच्या आजारासाठी तो अनेक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होता. मी व्यायाम शिकवला नाही. त्याच्या हातात काठी दिली आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे एमआरआयसाठी चिठ्ठी दिली. एका खुब्याचा गोळा चेपायला सुरुवात झाली होती. दुसरा दुखत नव्हता, पण एमआरआयमध्ये त्यातही आजार होता. तो दुसरा आज शाबूत आहे. पहिला बदलावा लागला.

म्हणून तरुण माणसाला जांघेत दुखत असेल, मांडी घालणं हळूहळू अवघड होत असेल, आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत स्टिरॉइड घेतलेलं असेल, भले ते दम्यासाठी असो, त्वचेसाठी असो की कुण्या वैदूच्या पुडीतून नकळत पोटात गेलेलं असो, तर चोळू नका, ताणू नका, "बघू पंधरा दिवस" म्हणू नका. ताप, वजन घटणं, रात्रीचा न थांबणारा ठणका हेही असतील तर आणखी घाई करा. क्षयरोग हाडांत शिरतो तेव्हा मणक्याखालोखाल त्याची आवडती जागा खुबाच आहे. आणि घरातली वयस्क व्यक्ती न्हाणीघरात पडली, एक पाय आखूड दिसतो आहे आणि पाऊल बाहेर वळलं आहे, तर तो खुब्याजवळच्या हाडाचा मोड समजा. उठवून चालवून बघू नका. शक्य तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया आणि लगेच दुसऱ्या दिवशी आधाराने उभं करणं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला हाड मारत नाही, छातीतला कफ आणि पाठीवरचे व्रण मारतात.

मुंबईत या विद्येची सुरुवात पोलिओच्या मुलांपासून झाली. १९५०च्या दशकाच्या आरंभी के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, १९५५मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था उभी राहिली. कुल्ल्याचे स्नायू लुळे पडलेली मुलं कशी चालतात, हे पाहतच आमच्या जुन्या शिक्षिका खुबा शिकल्या. २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता ते चालणं नव्या विद्यार्थ्यांना फार कमी पाहायला मिळतं, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण चाल बघायची त्यांची सवय मात्र राहायला हवी होती. हल्ली रुग्ण आत येण्याआधी त्याची फाईल आत येते. मी अजूनही दार उघडं ठेवते, माणूस रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून कसा येतो ते दिसावं म्हणून.

जाता जाता एक छोटी गोष्ट, काठीच्याच संबंधात. पावसाळ्यात आपल्याकडे फरशा, लादी, जिने सगळं ओलं असतं. काठीच्या टोकाला जो रबरी बूट असतो तो उलटा करून बघा. त्यावरच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील तर तो आजच बदलून घ्या. औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो.